सुईणीपासून आरोग्यसखीपर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील हृदयारोग्याच्या शिकवणीची वाटचाल

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात रक्तदाबाची, मिठाची आणि रोजच्या गोळीची गोष्ट घरोघर सांगणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. ती त्याच गल्लीत नांदणारी, शेतात खुरपायला जाणारी, थोडे शिकून पुढे प्रशिक्षण घेतलेली बाई असते. कधी तिला भारतवैद्य म्हटले गेले, कधी आरोग्यसखी, आज बहुतेक ठिकाणी आशाताई. नावे बदलली, पेटीतली औषधे बदलली, पगार देणारे हात बदलले. मात्र गावच्याच बाईला शिकवून गावाचे आरोग्य तिच्या हाती देण्याची कल्पना या भागात पन्नास वर्षे टिकून आहे. ताप, हगवण आणि बाळंतपण यांसाठी उभे राहिलेले हे काम हृदयविकार आणि लकव्यापर्यंत कसे आले, हा या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातला महत्त्वाचा आणि फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दवाखाने मोजक्या ठिकाणी होते आणि खेड्यातल्या माणसाचा भरवसा सुईण, वैदू, हाड बसवणारा आणि देवऋषी यांच्यावर होता. हृदयविकार असा वेगळा आजार लोकांच्या बोलण्यात नव्हता. काळीज हा शब्द खाटकाच्या दुकानात यकृतासाठी चाले आणि घरात मनासाठी. एखादा माणूस छातीला हात लावून कोसळला तर त्याने ‘धसका घेतला’ असे म्हणत. अंगाची एक बाजू लुळी पडली की ‘वारं गेलं’. दोन्हींचे कारण बाहेर शोधले जाई: कुणाचा मृत्यू, भावकीतले भांडण, कर्ज, बाधा. ही भाषा आजही संपलेली नाही. फरक एवढाच की धसक्याच्या जागी ‘टेन्शन’ हा शब्द आला. आरोग्य शिकवणाऱ्या बाईला खरी झुंज द्यावी लागते ती या समजुतीशी, कारण आजाराचे मूळ दुःखात आहे असे एकदा ठरले की मिठाचे आणि तंबाखूचे नाव कुणाला ऐकवत नाही.

गावपातळीवरच्या आरोग्यशिक्षणाचा पहिला मोठा धडा मराठवाड्याने नारूच्या निमित्ताने गिरवला. पायऱ्यांच्या विहिरीत आणि बारवेत माणसे उतरून पाणी भरत. नारू झालेल्या पायातून जंतूच्या अळ्या पाण्यात जात आणि तेच पाणी प्यायले जाई. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. पाणी कापडातून गाळून घ्या, नारू झालेल्याने विहिरीत उतरू नये, एवढेच सांगायचे होते, पण ते दारोदार आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागले. महाराष्ट्रासह सात राज्यांत चाललेल्या या मोहिमेनंतर भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. मुख्यतः सवय बदलून एक रोग नाहीसा झाला, याचे यापेक्षा ठळक उदाहरण या प्रदेशात दुसरे नाही. रक्तदाबाचे काम याहून अवघड आहे. नारू डोळ्यांना दिसत होता, पायातून बाहेर येताना ठणकत होता. रक्तदाब दिसत नाही आणि बहुतेकांना दुखतही नाही.

शासनाने गावातलाच माणूस निवडून त्याला शिकवण्याची देशव्यापी योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू केली. हजार लोकवस्तीमागे एक जण, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि साधी औषधे अशी तिची मांडणी होती. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा शब्द चाले. बायका आपले दुखणे त्यांना सांगेनात. पुढे योजनेची नावे बदलत गेली आणि ती क्षीण होत बंद पडली. तिचे अपयश एका बाबतीत उपयोगी ठरले: माणूस कोण निवडतो आणि तो कोणाचे ऐकतो, यावर सारे काम उभे राहते किंवा कोसळते, हे तिच्यामुळे दिसले.

त्याच काळात भूम आणि परंडा तालुक्यांच्या सीमेपलीकडे, जामखेडला, वेगळा प्रयोग आकार घेत होता. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवल्या. परक्या, शहरी वळणाच्या त्या मुलींचे गावाशी जमेना. मग गावानेच एक बाई द्यावी आणि प्रकल्पाने तिला घडवावे, असे ठरले. आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, अनेक दलित आणि भटक्या समाजांतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. शिवाशिव मोडण्याचा तो धडा कुठल्याही औषधाच्या धड्याआधीचा होता, आणि तो टाळला असता तर पुढचे काम झालेच नसते. शिकलेली गोष्ट गावात जाऊन सांगायची, तिथे अडले ते पुढच्या आठवड्यात परत आणायचे, असे हे शिक्षण वर्षानुवर्षे चालले. ठरावीक दिवसांनी प्रमाणपत्र देऊन ते संपवले गेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडचे प्रकरण होते. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला, त्यामागच्या अनुभवांत हाही एक. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे आणि आपल्या हातातल्या मिणमिणत्या दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टर आणि गावची कार्यकर्ती यांच्यातला फरक सांगितला. दिवा दिव्याला पेटवू शकतो, झुंबराला ते जमत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. प्रशिक्षणाच्या कितीतरी जाड पुस्तिकांत जे सापडत नाही ते या एका दाखल्यात आहे.

धाराशिव जिल्ह्यात हा विचार रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने अणदूरला जाते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे आणि खंडोबामुळे प्रसिद्ध आहे. देव वर्षातले काही महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात आणि उरलेले अणदुरात मुक्कामी असतो. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे ‘हॅलो’ नावाचे अभ्यासमंडळ १९८० च्या दशकात सुरू झाले होते. शिकून बाहेर पडल्यावर खेड्यात जायचे, असा त्यांतल्या काहींचा निश्चय होता. त्यातून डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी अणदूरला आले, हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे राहिले आणि जानकी रुग्णालय सुरू झाले. आसपासच्या गावांतल्या बायकांना शिकवून त्यांनी ‘भारतवैद्य’ तयार केल्या. हे नाव जाणीवपूर्वक घेतलेले होते. गावच्या बाईला मदतनीस किंवा सेविका न म्हणता वैद्य म्हणणे हा तिच्या ज्ञानाचा मान होता. तिच्याकडे औषधांची पेटी असे, साध्या आजारांवर ती उपचार करी, अवघड रुग्ण ओळखून रुग्णालयात पाठवी आणि दारूपासून बालविवाहापर्यंतच्या प्रश्नांवर गावाशी बोले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे तेव्हा देशभर पोचली. दगडमातीच्या जड माळवदांखाली घरेच्या घरे गाडली गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पुनर्वसनाच्या काळात घरदुरुस्तीची माहिती गावोगाव पोचवण्यासाठी महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम संघटित केले. सिमेंट किती, सळई कुठे घालायची, सरकारी हप्ता कसा मिळतो, हे त्या बायका अभियंत्यांकडून शिकून शेजाऱ्यांना समजावत. उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बायका तहसील कचेरीत जाऊन प्रश्न विचारू लागल्या. आरोग्याशी याचा वरवर संबंध नसला, तरी पुढे हृदयाच्या आरोग्याची शिकवण ज्या पायावर उभी राहिली तो इथेच घातला गेला. तांत्रिक गोष्ट सोप्या भाषेत सांगण्याची सवय आणि बाईने सांगितलेले ऐकण्याची गावाची तयारी, दोन्ही त्या वर्षांची कमाई आहे.

दरम्यान आजारांचे चित्र बदलत होते. पटकी, गोवर, धनुर्वात मागे पडले. बालमृत्यू घटले. माणसे साठीपर्यंत आणि पुढे जगू लागली, आणि तिथे रक्तदाब, शुगर, हृदयविकाराचा झटका आणि लकवा त्यांची वाट पाहत होते. हे श्रीमंत शहरी माणसाचे रोग आहेत, हा समज महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने मोडला. गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणे ‘सर्च’ संस्थेच्या चमूने घरोघर जाऊन तपासली, तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झालेला आढळला. देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसले. धाराशिव हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला, कोरडवाहू शेतीचा जिल्हा. इथे घरातला कमावता माणूस लकव्याने अंथरुणाला खिळला की औषधपाण्यापायी शेत गहाण पडते आणि मुलीची शाळा सुटते. म्हणून इथे हृदयाचे आरोग्य हा डॉक्टरी विषयाइतकाच घर वाचवण्याचा विषय आहे.

स्थानिक बायकांच्या मदतीने हृदयविकार मागे हटवता येतो, याचा जगातला पहिला मोठा पुरावा फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांताने दिला. तिथल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वांत जास्त होते. डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये काम सुरू झाले. ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव मेळावे घेऊन लोण्याऐवजी वनस्पती तेल आणि रश्श्यात भाज्या कशा वापरायच्या हे करून दाखवले. पुढच्या तीन-चार दशकांत मध्यमवयीन पुरुषांतले हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. हीच रीत स्थलांतरितांच्या वस्त्यांतही वापरली जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अर्मेनियन लोकांसाठी अर्मेनियन बोलणारे आरोग्यशिक्षक तयार करतात, कारण खारवलेल्या चीजचे किंवा मसाला लावून सुकवलेल्या मांसाचे घरगुती नाव घेऊन बोलणाऱ्याचेच बोलणे घरात शिरते. ठेचा, पापड आणि खारोड्यांच्या बाबतीत धाराशिवलाही हेच लागू पडते.

या जिल्ह्यात रक्तदाब मोजण्याचे यंत्र गावच्या बायकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आले ते आरोग्यसखींच्या कामातून. भूकंपानंतरच्या बचतगटांच्या जाळ्यातूनच स्वयं शिक्षण प्रयोगने धाराशिव, लातूर आणि सोलापूर जिल्ह्यांत या बायका निवडल्या. रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासण्याची साधने आणि नोंदीसाठी टॅबलेट घेऊन त्या घरोघर जात. एरवी एवढ्याशा तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून तालुक्याला जावे लागे. उमरग्याकडचा माणूस सोलापूर किंवा गुलबर्ग्याला जाई, परंडा-भूमचा बार्शीला. कुणी दुखत नसताना जातच नसे. तपासणी दारात आल्याने आपल्याला बीपी आहे हे अनेकांना पहिल्यांदाच कळले.

सरकारी व्यवस्थेत हे काम आशांकडे आले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने निर्माण केलेल्या या कार्यकर्तीचे मूळ काम गरोदर बाई आणि बाळ यांच्याभोवती होते. असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम आल्यावर तिच्या पिशवीत आणखी एक फॉर्म आला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातला आजार यांविषयी विचारून गुण द्यायचे, आणि गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की गुण वाढतात. फॉर्म साधा आहे. परपुरुषाच्या कमरेला टेप लावणे मात्र गावात साधे नाही. बहुतेक आशा टेप त्याच्याच हातात देतात किंवा त्याच्या बायकोकरवी माप घेतात. कामाचा असा बोजा वाढत असताना मोबदला मात्र कामागणिक तुकड्यांत मिळत राहिला. जिच्या शब्दावर गावाचे हृदय सांभाळायचे, तिला आपल्या हक्काच्या मानधनासाठी रस्त्यावर बसावे लागते, हा अन्याय आहे.

प्रशिक्षणातला पहिला भाग मोजण्याचा. शेतातून चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घ्यायचा नाही. आधी पाच मिनिटे पाठ टेकून बसवायचे. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झालेली नसावी. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद, आणि मोजणी दोनदा. १४०/९० किंवा त्यावर आकडा आला की पुन्हा वेगळ्या दिवशी मोजून आरोग्य केंद्रात पाठवायचे. ओसरीवर शेजारणी जमलेल्या असताना ‘बोलू नका’ हे सांगणे किती कठीण, ते काम करणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरा भाग स्वयंपाकघराचा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. ग्रॅम कुणी मोजत नाही, म्हणून पुड्याचा हिशेब उपयोगी पडतो: पाच माणसांच्या घरात एक किलो मिठाचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे, आणि त्यात लोणच्या-पापडाचे मीठही धरायचे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे इथले जुने जेवण हृदयाला चांगलेच आहे. अडचण सोबतच्या चटणीत आणि ठेच्यात आहे, कारण कोरडी भाकरी तिखट-मिठावरच घशाखाली उतरते. तेलाचीही अशीच गोष्ट. मराठवाड्याच्या रब्बी रानात करडई असे आणि घाण्याचे तेल घरात येई. सोयाबीनने ती मागे सारली आणि दुकानातले स्वस्त पामतेल आले. कुंथलगिरीचा खवा तर भूम परिसरातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी. तिथे खवा वाईट म्हणून चालत नाही, रोज किती आणि सणाला किती एवढेच बोलता येते.

तंबाखूचा भाग बायकांच्या बाबतीत विशेष नाजूक. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री दात घासायची म्हणून घरात असते आणि तिला कुणी व्यसन मानत नाही. सकाळी मिश्री, दुपारी कामाच्या बांधावर मिश्री, असे दिवसातून चार-पाच वेळा होते. स्वतः मिश्री सोडलेली आशा इथे सर्वांत चांगली शिक्षिका ठरते.

सगळ्यात जास्त वेळ गोळीच्या समजुतीवर जातो. ‘एकदा चालू केली की सुटत नाही’, ‘गोळी गरम पडते’, ‘बीपी उतरलं, आता कशाला’ ही तीन वाक्ये जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतात. तिसरे सर्वांत घातक. आकडा उतरला तो गोळीमुळे, आणि ती थांबवली की तो पुन्हा चढतो, हे समजावायला विहिरीतल्या मोटारीचे उदाहरण देता येते: मोटार चालू असेपर्यंतच पाणी शेतात येते. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ नंतर भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला. ठरावीक औषधे, महिनाभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रात, आणि न आलेल्या रुग्णाचा शोध ही त्याची मुख्य सूत्रे होती. शेवटचे सूत्र गावच्या बाईशिवाय चालत नाही. याच्याच जोडीला छातीतली कळ, डाव्या हातात उतरणारी वेदना, दरदरून घाम ही लक्षणे ‘गॅस’ म्हणून सोड्यावर सोडून देऊ नयेत, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले की देवऋषाकडे न जाता १०८ ला फोन करावा, हे शिकवले जाते.

एवढे सगळे झाल्यावरही एक मोठी वस्ती या शिकवणीच्या बाहेर राहते. दसरा-दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटेपासून फड, रात्री-बेरात्री गाडी भरणे, पालातला स्वयंपाक, झोप अपुरी, आणि थकवा मारायला तंबाखू किंवा दारू. गावातल्या आशेच्या वहीत त्यांचे नाव असते, पण सहा महिने माणूस नसतो. कारखान्याजवळच्या आशेच्या वहीत त्यांचे नावच नसते. ऑक्टोबरात सुरू झालेली रक्तदाबाची गोळी नोव्हेंबरात संपते आणि मार्चपर्यंत कुणी विचारत नाही. आपल्याच देशात परके झालेल्या या लोकांची अवस्था समुद्रापलीकडे गेलेल्या स्थलांतरितांहून फार वेगळी नाही.

यावरचा उपाय या जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. टोळी निघण्याआधी गावात प्रत्येक कोयत्याचा रक्तदाब मोजला जावा, गोळ्या हंगाम संपेपर्यंतच्या दिल्या जाव्यात, आणि कुठल्याही आरोग्य केंद्रात दाखवता येईल असे कार्ड सोबत असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक टोळीतली एक बाई टोळीनेच निवडावी, तिला जामखेड आणि अणदूरच्या रीतीने शिकवावे, बीपीचा पट्टा आणि औषधपेटी तिच्या स्वाधीन करावी आणि त्या कामाचा मोबदला तिच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, न कापता वेगळा द्यावा. जिल्हा परिषद, साखर कारखाने आणि टोळ्यांचे मुकादम यांनी येत्या हंगामाच्या आधी हे मनावर घ्यावे.